मागाजवळ हाक मारायची नाही

“‘अन्वी’ नाही. ‘अन्विता’ म्हण. आणि नाव संपताना आवाज खाली सोडायचा, वर न्यायचा नाही,” पुष्पाअक्का म्हणाली.

दिगंबर बुगडने घसा साफ केला. “अन्विता.”

“अजून माया येतीय त्यात.”

“माया न्हाई अक्का, कफ हाय.”

दिगंबरची बायको सुवर्णा हसू दाबत दुसरीकडे बघायला लागली. खुर्चीवर उभ्या करून ठेवलेल्या फोनमधून विलासही हसला. विलास हा दिगंबरचा मोठा भाऊ आणि अन्विताचा बाप. तो सुरतेला असायचा. तिथे त्याचं दुसरं लग्न झालं होतं, दुसरा संसार होता, आणि आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला शेवटचं कधी पाहिलं हे त्याला आठवावं लागायचं.

“हसू नका,” पुष्पाअक्का म्हणाली. ती भावंडांत थोरली. “जयसिंगपुरात याचा क्लास निघालाय. फी भरून शिकून आलेय मी. परक्यासारखं बोलणं सोपं वाटतं, पण आपल्या माणसाचं नाव घेताना जमत नाही. आधी कुणातरी अनोळखी माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा, आणि मग आपल्या पोरीचं नाव घ्यायचं.”

“मला क्लासची गरज न्हाई,” फोनमधून विलास म्हणाला.



ही तालीम इचलकरंजीत, बुगडांच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये चालली होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथे दोन रांगांनी माग धडधडायचे. जुने, सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी धोट्याचे माग. मग ते भंगारात गेले. जमिनीत माग बसवलेल्या बोल्टांची भोकं तेवढी राहिली, आणि बोललेलं प्रत्येक वाक्य आता भिंतीवर आपटून परत येत होतं.

“दिगू, तू तिला एरवी काय म्हणून हाक मारायचास? तेच नाव त्या दिवशी तोंडात यायला नको,” अक्काने विचारलं.

दिगंबरने बराच वेळ आठवून पाहिलं. “मी तिला कधी हाक मारली, तेच ध्यानात येत न्हाई बघ.”

“मग चांगलंच आहे की!” अक्का म्हणाली.

पुढच्या मंगळवारी अन्विताची मोजणी होती.

ही मोजणी म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ.

ज्या मुलामुलींना घरात सांभाळणं अवघड होऊन बसतं, त्यांना सरकार किशोरनिवासात ठेवून घेई. तिथे राहणं, जेवण, शाळा, औषधं, समुपदेशन, सगळं मिळे. खर्चाचा काही भाग सरकार उचली आणि उरलेला कुटुंबाने भरायचा असे. इथेच घोटाळा होता. कुटुंब म्हणजे कोण? जुना नियम रक्ताचं नातं बघायचा. त्यामुळे मुलाचं तोंडही न पाहिलेला बाप पैसे भरे आणि त्याच्या जोरावर मुलाचं काय करायचं ते ठरवी. ज्या मावशीने मूल वाढवलं तिच्याकडून एक पैसा घेत नसत, पण तिला भेटीचीही परवानगी नसे. दोन्हीकडून अन्यायच.

मग शास्त्रज्ञांनी सुचवलं, हे मुलालाच विचारू. तोंडाने नको; मूल घाबरून काहीही सांगेल. त्याच्या शरीराला विचारू.

डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून पाहा. नाडी लागली? आता सावकाश श्वास आत घ्या. नाडी किंचित भरभर पडते. सावकाश सोडा. ती मंदावते. मेंदूपासून हृदयापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा एक मज्जातंतू हे काम करतो. तो हृदयाचा लगामच आहे. जीव निर्धास्त असला की प्रत्येक उच्छ्वासाबरोबर हा लगाम हलकेच ओढला जातो, त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमीजास्त होत राहतं. भीती वाटली की लगाम सुटतो. ठोके भरभर पडतात आणि घड्याळासारखे एकसारखे होतात. आपल्या माणसाचा आवाज कानावर पडला की लगाम पुन्हा ओढला जातो. हे आपण ठरवून करत नाही, म्हणून त्यात खोटं बोलता येत नाही.

अनुबंध-मापक हे यंत्र एवढंच मोजायचं. मुलाच्या मनगटावर पट्टा बांधायचा, कानांत आधी परक्या माणसांचे आवाज ऐकवायचे, मग घरच्यांचे. परक्यांच्या मानाने ज्याच्या आवाजाने जीव जेवढा जास्त शांत होईल, तेवढा त्या माणसाचा वाटा. खर्चातला वाटा तोच आणि हक्कातला वाटाही तोच. लोकांनी त्याला मायामीटर म्हणायला सुरुवात केली.

कागदावर यात काढण्यासारखी चूक नव्हती. पण एखाद्या गोष्टीचं मोजमाप सुरू झालं की माणसं त्या मापाप्रमाणे वागायला लागतात. एखाद्या घरातलं मूल जरा बिथरल्यासारखं वाटलं की त्या घरी येणारे पाहुणे आधी कमी होत. काका-मामा फोन उचलेनासे होत. आजोबा नातवासमोर गप्प बसत. ज्या मुलांना माणसांची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच भोवतीची माणसं पातळ होत गेली. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाला आपलं घर होतं.

आणि वाटा हा नेहमी दुसऱ्याच्या मानाने ठरतो. मागावर चढवायचा सुताने भरलेला बीम चौघांनी उचलला, आणि तिघांनी हळूच आपला हात सैल केला, तर वजन कमी होत नाही. ते चौथ्यावर येतं. चौथ्याला ते कळतं तेव्हा बीम त्याच्या खांद्यावर असतो, आणि खाली टाकायला जागा नसते.

बुगडांच्या घरात हा चौथा माणूस कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. अन्विताची आई ती अगदी लहान असताना गेली. बाप सुरतेला गेला. आत्या सासरी. पोर वाढली ती दिगंबरच्या घरात, त्याच्या शेडमध्ये.

*

“काय म्हणायचं असेल ते एकदा स्पष्ट म्हणा,” सुवर्णा म्हणाली. सकाळचा चहा झाला होता. दिगंबर कामावर जायच्या गडबडीत होता. आता तो एका मोठ्या कापड कारखान्यात देखभालीच्या कामाला होता. तिथले माग हवेच्या झोतावर चालत. धोटा नाही, जॉबर नाही. दिगंबर उमेदीची सगळी वर्षं जॉबर होता. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. त्या वर्षांची खूण म्हणून उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं राहिलं होतं. ऐन पंचविशीत ते मागात अडकलं, आणि घाबरून त्याने हाताला हिसका दिला होता.

“मी कुठं काय म्हणतोय?”

“म्हणत नाही, तेच तर. तीन महिने रविवारी मिरजेला अन्वीकडे गेला नाहीत, म्हणून माझ्याशी नीट बोलत नाही. मी एकटीनं ठरवलं होतं व्हय? सगळ्यांनी मिळून ठरवलं.”

“हो.”

“तुमचा वाटा मोठा निघाला तर अन्वी अठरा वर्षांची होईपर्यंत पगारातनं कापून जाणार. मग ऋतुजाला काय सांगायचं?”

ऋतुजा त्यांची मुलगी. आतल्या खोलीच्या दारात ती उभीच होती. पुण्याला फिजिओथेरपीच्या कॉलेजात तिला जागा मिळाली होती. फी भरायची मुदत जवळ आली होती.

“पप्पा, मला खरं सांगा. भरायचीय का सोडायचीय?” तिने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच दिगंबरला तिच्याकडे बघता येईना.

“मंगळवारपर्यंत थांब.”

“अन्वीनं माझी आठवण काढली का हो कधी?”

“ती बोलतच न्हाई गं कुणाशी.”

हे खरं होतं. माग भंगारात गेले त्या पावसाळ्यानंतर अन्विताची झोप उडाली. आधी ती रात्रभर घरात फेऱ्या मारायची. मग शाळेत जाईना, मग जेवेना. मग एका संध्याकाळी ती घरातून निघून गेली आणि सांगली रस्त्यावर ट्रकांच्या तळाजवळ सापडली. सुरू असलेल्या एका ट्रकच्या इंजिनाला टेकून बसली होती. नंतर बोलणंही बंद झालं. डॉक्टर म्हणाले, हिला घरात ठेवणं आता धोक्याचं आहे. मग तिला मिरजेच्या किशोरनिवासात ठेवलं. असं का झालं, ते त्यांनाही सांगता येईना. आई नाही, बाप नाही, वय अडनिडं, एवढीच कारणं सगळ्यांना दिसत होती.

दिगंबर डबा घेऊन बाहेर पडला. शेडच्या दारावरून जाताना त्याचं पाऊल नेहमीसारखं अडखळलं. आतून काहीच आवाज येत नव्हता.

*

मिरजेच्या मोजणी केंद्रात काचेच्या अलीकडे खुर्च्यांची रांग होती. पुष्पाअक्का, सुवर्णा आणि दिगंबर बसले. विलास फोनवर होता. काचेच्या पलीकडे अन्विता एका टेबलाशी पाठमोरी बसली होती. मनगटावर पट्टा, कानांवर हेडफोनच्या मऊ टोप्या. ती उंच झाली होती. तीन महिन्यांत मूल एवढं उंच होतं, हे दिगंबर विसरला होता.

मोजणी अधिकारी मिनाज शिकलगार तिशी-पस्तिशीतली बाई होती. बोलायला साधी. “मघाशी भरून घेतलेले तुमचे आवाज तिला ऐकवणार आहे. पडद्याकडे बघा. रेघ खाली गेली की जीव शांत. वर गेली की घाबरलेला. पहिले तीन आवाज परक्यांचे असतील.”

परक्यांच्या आवाजांना रेघ मधोमध राहिली. जरा वर, जरा खाली, जशी कुणाचीही राहील.

“आता वडील.”

विलासचा आवाज सुरू झाला. रेघ वर गेली.

“आत्या.”

रेघ आणखी वर.

सुवर्णाचा आवाज आला तेव्हाही ती वरच राहिली. सुवर्णाने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

“आता काका.”

अक्काने शिकवलं होतं अगदी तसाच, नाव संपताना खाली सोडलेला, दिगंबरचा आवाज. ‘अन्विता.’ काचेपलीकडे मुलीचे खांदे एकदम वर आले. दोन्ही हात तिने टेबलावरून झटकन मांडीवर ओढून घेतले. रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

मिनाजने यंत्र तपासलं. पट्टा बदलला. सगळे आवाज पुन्हा ऐकवले. पुन्हा तेच झालं.

“अशी केस मी पाहिली नव्हती,” ती शेवटी म्हणाली. “एकालाही वाटा नाही. सगळे शून्य.”

“म्हणजे?” अक्काने विचारलं.

“म्हणजे तुमच्यापैकी कुणावरही खर्च नाही. मुलगी पूर्णपणे सरकारची.”

अक्काने डोळे मिटून हात जोडले. फोनमधून विलास म्हणाला, “मी म्हणत नव्हतो?” आणि फोन बंद झाला.

दिगंबरच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. ऋतुजाची फी. त्याला वाटलं, आता मोठ्याने हसू येईल. मग दुसरं काहीतरी त्याच जागी येऊन बसलं. माझ्याच आवाजाला ती सगळ्यात जास्त घाबरली.

“आता तिचं काय होणार?” त्याने विचारलं.

“ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी इथं जागा ठेवत नाहीत, काका. जागा वर्ध्याकडच्या निवासात आहे. गुरुवारी नेतील. आणि ज्याचा वाटा नाही त्याला भेट नाही, फोन नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत.”

“आणि नंतर?”

“नंतर तिला वाटलं तर ती येईल. हरकत घ्यायची असेल तर आजच घ्यावी लागते. केंद्र बंद झालं की निकाल पक्का.” मिनाजने पडद्यावरची वेळ पाहिली. “हरकत कुणी घेत नाही म्हणा. निरोपाला पाच मिनिटं मिळतात. एकाने आत जायचं. ठरवा.”

अक्का उठली होती. “आम्ही कशाला जायचं? आमच्या आवाजानं पोर घाबरती, हे बघितलं की आत्ता. शहाण्यासारखं निघू या. सुवर्णा, बस किती वाजता आहे?”

दिगंबर काचेकडे बघत बसला होता. आत कुणीतरी अन्विताच्या कानांवरच्या टोप्या काढून ठेवल्या होत्या. ती एकटीच होती. तिचा उजवा हात पुन्हा टेबलावर आला आणि बोटं हलायला लागली. एक ठोका जड, एक हलका. मध्ये जरा थांबून पुन्हा एक जड, एक हलका.

पडद्यावरची रेघ किंचित खाली सरकली. मिनाजचं लक्ष नव्हतं. ती अक्काला बसची वेळ सांगत होती.

तो ठोका दिगंबरच्या ओळखीचा होता. कुठून ते कळायच्या आत त्याची स्वतःची बोटं खुर्चीच्या हातावर तसंच करायला लागली. पहिलं बोट जड पडत होतं. मधलं वाकडं, ते हलकं.

आणि त्याला शेड दिसली.

शेडमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिला नियम सांगत: मागाजवळ उभ्या माणसाला हाक मारायची नाही. एक तर त्या खडखडाटात हाक पोचत नाही. आणि पोचलीच तर माणूस दचकून वळतो, आणि त्याचा हात जातो तो लोखंडी टोकाच्या धोट्याच्या वाटेत. म्हणून मागून यायचं, पाठीवर तळवा ठेवायचा, मी आहे एवढं कळू द्यायचं, आणि मग खुणेनं बोलायचं. ओरडायचं फक्त एकाच वेळी. समोरच्याचा हात मागात जायला लागला की. “हात काढ!” बुगडांच्या शेडमध्ये आवाज चढे तो तेवढ्यासाठीच. ज्याच्या त्याच्या गळ्यात तीच हाक होती, आणि अन्विताच्या कानाला घरचा आवाज म्हणजे तोच धोका.

आई नसलेली पोर त्या शेडमध्ये सुताच्या पोत्यांवर झोपायची. माग तपासत फिरताना दिगंबर दर फेरीला तिच्याजवळ थांबायचा आणि पाठीवर बोटं टेकवायचा. एक जड, एक हलकं. आहे मी. मग पुढच्या मागाकडे. तेल घालणं, पट्टा बघणं, तसंच ते एक काम. त्याला माया म्हणतात, असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि माग बंद झाल्यावर पाठीवर हात ठेवायचं कारणच उरलं नाही. शांत घरात माणसं बोलतात. ते सगळे तिच्याशी बोलायला लागले. तिला हाका मारायला लागले.

सुवर्णाने त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग काचेपलीकडच्या बोटांकडे. तिने काही न बोलता आपला तळवा त्याच्या हातावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला. बोटं थांबली.

“चला,” ती अगदी हळू म्हणाली. “घरी जाऊ.”

तिलाही कळलं होतं. आता ही गोष्ट जगात फक्त तिघांना माहीत होती, आणि त्यातली एक बोलत नव्हती. गप्प बसलं की झालं. कुणी विचारणार नव्हतं. यंत्रानेच सांगितलं होतं.

“पाच मिनिटं,” दिगंबर म्हणाला. “निरोप घेऊन येतो.”

“अहो.”

“निरोपच घेणार हाय गं.”

तिने हात लगेच सोडला नाही. मग सोडला.

*

आत गेल्यावर दाराशी उभं राहून त्याने ठरवलं, एकदा नाव घ्यायचं आणि परत फिरायचं. ती दचकेल. तिला वाटेल, बरं झालं गेला. वर्ध्याला निदान आपल्या आवाजाची भीती तरी नसेल. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

अन्विताच्या मनगटावर पट्टा तसाच होता. कोपऱ्यात मिनाज यंत्र आवरत होती. पडद्यावर रेघ चालूच होती.

दिगंबरने तोंड मिटलं. तो मागून गेला, जसा आयुष्यभर गेला होता तसा, आणि तळवा तिच्या पाठीवर ठेवला. ती दचकली नाही. त्याने बोटं टेकवली. एक जड, एक हलकं.

रेघ खाली आली. हळूहळू नव्हे, बादली विहिरीत सोडावी तशी. ती पडद्याच्या तळाशी गेली आणि तिथेच सावकाश हेलकावे घ्यायला लागली. अन्विताने लांब श्वास सोडला. तिची मान जरा मागे कलली.

मिनाजच्या हातातलं आवरणं थांबलं होतं. तिने काचेपलीकडे पाहिलं, मग दिगंबरकडे.

“काका,” ती आवाज खाली घेऊन म्हणाली, “मोजणी संपलीय. हे मी धरलं नाही तरी चालतं. स्पर्शाची मोजणी नियमात आहे, पण ती पालकाने स्वतः मागावी लागते. तुम्ही मागितली नाही, तर मी काही पाहिलं नाही.”

“आणि मागितली तर?”

“तर बाकीच्यांचं शून्य आहे. सगळा वाटा तुमचा. सगळा.” तिने तो शब्द पुन्हा उच्चारला. “आणि ती इथेच राहील. भेटता येईल.”

दार उघडलं. सुवर्णा आत आली होती. तिच्या तोंडावर राग होता, पण आवाज तिने चढवला नाही.

“मला ठाऊक होतं तुम्ही निरोप घेणार नाही.”

“सुवर्णा...”

“ऋतुजाला कुणी सांगायचं? का ते पण मीच? आणि ती परवा म्हणाली, पप्पांना काही बोलू नको, मी जागा सोडते. तुम्हाला कुठलं माहीत!” तिने डोळे पुसले. मग मिनाजकडे वळली. “पैसे तर माझ्याच घरातनं जाणार. मग निम्मा वाटा माझ्या नावावर करा. बघा माझा हात लावून.”

मिनाजने मान डोलावली. दिगंबरने हात बाजूला घेतला, आणि रेघ लगेच वर सरकायला लागली. सुवर्णाने आपला तळवा तिथेच ठेवला. तिने जपून, नवऱ्याचं पाहून, बोटं टेकवली. तिची दोन्ही बोटं सरळ होती. दोन्ही ठोके सारखे पडले.

रेघ परक्या माणसाच्या आवाजाला राहिली होती तशी मधोमध राहिली.

सुवर्णा बराच वेळ प्रयत्न करत राहिली. ती शेडमध्ये कधी फारशी आलीच नव्हती. बाहेरच्या खोलीत धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची, सगळ्यांचा स्वयंपाक करायची, पोरीची वेणी घालायची, दप्तर भरायची, आणि आतल्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून ओरडून सांगायची, “जेवायला या!”

“नाही होत, मावशी,” मिनाज म्हणाली.

“एवढ्या वर्षांचं जेवण यात मोजत नाहीत?”

सुवर्णाने हात काढला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. दिगंबरने पुन्हा आपला हात ठेवला. रेघ उतरली.

“काका, केंद्र बंद व्हायची वेळ झाली,” मिनाज म्हणाली. “काय करू? नोंदवू?”

काचेपलीकडून पुष्पाअक्का दोन्ही हात हलवून ‘नको, नको’ करत होती. तिचा आवाज आत येत नव्हता. दिगंबरला आठवलं, तीन महिन्यांपूर्वीच्या त्या शेवटच्या रविवारी तो अन्विताशी तासभर बोलला होता. हवापाणी, शाळा, ऋतुजा. ती भिंतीकडे बघत होती. येताना त्याला वाटलं होतं, हिला आपली गरज नाही. किती सोपं वाटलं होतं ते.

त्याची बोटं चालूच होती.

अन्विताचे ओठ हलले. इतक्या महिन्यांनी वापरलेला आवाज फाटका निघाला. मागे न बघता तिने विचारलं,

“काका, माग का बंद केलासा?”

सुवर्णाने तोंडावर हात दाबला. दिगंबरला उत्तर द्यायचं होतं. जुने माग परवडेनात, सूत महागलं, सगळ्यांनीच बंद केले. पण त्याला स्वतःच्या गळ्याची भीती वाटली. त्याने फक्त मिनाजकडे पाहिलं.

“नोंदवा,” तो कसाबसा पुटपुटला. तेवढ्या आवाजानेही तळव्याखाली पाठ ताठ झाली. त्याने बोटं टेकवत टेकवत ती पुन्हा सैल केली.

मिनाजने पडद्यावर काहीतरी दाबलं. चार नावांपुढे आकडे आले. तीन शून्यं, आणि एक पूर्ण. तिने त्याचा अंगठा घेतला, डाव्या हाताचा, कारण उजवा मोकळा नव्हता.

“झालं,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारपासून भेट सुरू. आता हात काढा, काका. वेळ संपली.”

दिगंबरने हात जरासा उचलला. रेघ वर उसळली. त्याने पुन्हा टेकवला. ती खाली आली. भिंतीपाशी सुवर्णा त्याची वाट बघत उभी होती, बाहेर बस सुटायची होती, आणि घरी ऋतुजाला मंगळवारपर्यंत थांब म्हणून सांगून ठेवलं होतं.

“काका,” मिनाज पुन्हा म्हणाली, “हात काढा.”

जॉबर म्हणून त्याने कितीजणांचे मागात अडकलेले हात सोडवले होते. प्रत्येकाला तो आपलं वाकडं बोट दाखवून एकच सांगायचा. ओढू नको. हिसका देऊ नको, हिसक्यानं तुटतो. अडकलाय तोवर तो हात तुझाच आहे.

त्याने हात ओढला नाही.